पिवळ्या दोऱ्याचे तीन टाके

त्या संध्याकाळी क्लबमध्ये आत्याने वाजवलेली पहिली टाळी कौतुकाची नव्हती. पहिल्या बँडचं पहिलं गाणं संपलं, चार-दोन लोकांनी भिडेखातर हात हलवले, ते थांबले, आणि मग आत्याने एकच टाळी खाडकन दिली. टाळी मागच्या भिंतीवर आपटली, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून काउंटरमागच्या भल्यामोठ्या आरशावर, आणि सगळ्यांची विचारपूस करून सावकाश परत आली.

"एवढं आवडलं तुला?" शेजारी बसलेल्या भावाने विचारलं. त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता.

"खोली बघतेय."

"काय?"

"काही नाही. बस गप."

आत्या पडदे शिवायची. घराच्या खिडक्यांना लागतात ते नव्हे. नाट्यगृहांचे, सभागृहांचे, जाड मखमलीचे, दोन माणसांनी उचलायचे पडदे. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे कुठल्याही खोलीत शिरलं की तिला आधी भिंती दिसत आणि मग माणसं. या खोलीच्या भिंती तर तिच्या चांगल्याच ओळखीच्या होत्या. क्लब व्हायच्या आधी इथे नाच शिकवायचे, आणि तेव्हा चारही भिंतींना तिने शिवलेली गडद लाल मखमल होती. तिचं ते पहिलं मोठं काम. आज आत शिरताना तिने हौसेने वर बघितलं तर पडदे गायब. रूळ तेवढे जागेवर, काळ्या रंगाने माखलेले, आणि खाली उघड्या विटा. "ते जुनाट पडदे? गेल्या महिन्यात काढून टाकले," क्लबचा मालक म्हणाला होता. "आता असंच चालतं, आत्याबाई." आत्याने तो घोट गिळला. आज ती भांडायला आली नव्हती.

ती आली होती भाचीसाठी. भावाची ही एकुलती एक मुलगी सव्वीस वर्षांची झाली तरी सगळे तिला चिमणीच म्हणत. चिमणी एका बँडमध्ये गायची. अशाच क्लबांमधून, अशाच गोंगाटावर ओरडून ओरडून गायली, आणि वर्षापूर्वी तिचा आवाज एका रात्रीत बसला. घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. सहा आठवडे अवाक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आणि नंतर आणखी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्या घराने पाठ केली होती: गा, पण ओरडू नकोस, पुन्हा ओरडलीस तर आवाज कायमचा जाईल. आज वर्षभराने ती पहिल्यांदा लोकांसमोर गाणार होती. तिचा बँड चौथा, म्हणजे शेवटचा.

आता बाकीच्या तिघांबद्दल काय सांगावं? पहिला बँड तीन मित्रांचा. त्यांनी पाच गाणी म्हटली की एकच गाणं पाच वेळा म्हटलं, हे अखेरपर्यंत कळलं नाही. शब्द तोंडातून निघाले की भिंतीवरून परत येऊन पुढच्या शब्दावर पडत, आणि सगळ्याचा मिळून एक काला होई. गाणारा बिचारा घामाघूम होऊन गळ्याच्या शिरा ताणत होता. दुसरा बँड म्हणजे एकटाच माणूस, एक गिटार आणि एक लॅपटॉप. तो दर गाण्याआधी बराच वेळ काहीतरी समजावून सांगे, आणि मग लॅपटॉप बंद पडे. भाऊ म्हणाला, "हा बोलतोय तेच गाणं आहे का?" तेव्हा पुढच्या खुर्चीवरची बाई मागे वळून म्हणाली, "मलाही तेच विचारायचं होतं."

लोक उठू लागले. जे उरले ते काउंटरपाशी जमून एकमेकांच्या कानात ओरडत होते. तिसऱ्या बँडने हे पाहिलं आणि गोंगाटावर मात करायची ठरवून आवाज दुप्पट केला. त्यांच्या ड्रमवाल्याने असा काही हात चालवला की भावाच्या हातातल्या ग्लासातलं सरबत थरथरायला लागलं. माइकने मध्येच अशी शिट्टी मारली की एक माणूस खुर्चीवरून उठून सरळ घरी गेला. खोलीतल्या शंभर माणसांतली आता जेमतेम चाळीस राहिली होती, आणि त्यांतली निम्मी चपलांमध्ये पाय घालून बसली होती.

तेवढ्यात चिमणी स्टेजच्या बाजूने आली. तिच्या हातात पाटी होती. मौनाच्या सहा आठवड्यांत घेतलेली ही पाटी. गाण्याच्या दिवशी घसा राखायचा म्हणून ती अजूनही दिवसभर पाटीवर लिहूनच बोलायची. तिचा चेहरा उतरला होता. तिने पाटी आत्याच्या मांडीवर ठेवली.

*मी नाही गाणार.*

"अगं, पण का?"

चिमणीने पाटी ओढून घेतली, तळहाताने पुसली आणि भराभर लिहिलं. *दुपारी माइक तपासताना गायले. मलाच मी ऐकू आले नाही. आवाज वाढवला की शिट्टी. इथे ओरडावंच लागेल.* मग पुन्हा पुसून पहिलंच वाक्य लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरांत. *मी नाही गाणार.*

भावाने ते वाचलं आणि कानातला एक बोळा काढला. "नको गाऊस," तो हळूच म्हणाला. "चल घरी. घसा जाण्यापेक्षा गाणं गेलेलं परवडलं."

चिमणीने होकारार्थी मान हलवली, पण तिचे डोळे भरले होते. पाटी तशीच आत्याच्या मांडीवर टाकून ती बँडच्या लोकांना सांगायला गेली.

आत्या पाटीकडे बघत राहिली, आणि चूक कोणाची होती हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. चूक तिचीच होती. मौनाच्या दिवसांत चिमणी घरी बसून कुढत होती, म्हणून आत्याने तिला कारखान्यात आणलं. कारखाना म्हणजे एक लांबच लांब टेबल, दोन दणकट मशिनं, आणि चारही भिंतींना छतापर्यंत रचलेले मखमलीचे तागे. चिमणी कापडाचं दुसरं टोक धरायची. तिसऱ्या महिन्यात ती टोक धरल्या धरल्या गुणगुणायला लागली, आणि आत्याच्या हातातली कात्री थांबली. आवाज हळू होता पण भरीव होता, अगदी कानाशी येऊन बसणारा. मग दर रविवारी सगळा बँड तिथेच सरावाला येऊ लागला. तीन महिने त्या कापडाच्या गुहेत पोरीचा आवाज ऐकून आत्या सगळ्यांना सांगत सुटली होती, पहिल्यापेक्षा गोड झालाय, कुठेही ऐकू जाईल! कापड शिवण्यात उभा जन्म गेलेल्या बाईला एवढं कळू नये? आवाज पोरीचा होता, पण तो जपत होती मखमल. आणि हिने त्या पोरीला आणून उघड्या विटांपुढे उभं केलं होतं.

आत्याला स्वतःचा असा राग आला की ती ताडकन उठली. पाणी प्यावं म्हणून काउंटरकडे गेली. तिथे कुणीतरी ग्लास सांडला होता आणि काउंटरवरची बाई तो पुसत होती. आत्याची नजर त्या फडक्यावर गेली. फडकं ओलं, मळकं, काळपट लाल होतं. त्याच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचे तीन टाके होते.

आत्याने फडकं बाईच्या हातातून हिसकावून घेतलं.

हे तीन टाके दुनियेत फक्त आत्याच्या पडद्यांना असायचे. अंधारात पडदे टांगणाऱ्या माणसाला बोटांनी चाचपून कळावं की हा खालचा डावा कोपरा, म्हणून ती प्रत्येक पडद्याला ते घालायची. आजवर एकही पडदा उलटा लागला नव्हता.

"हे कुठून आणलंत?" आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"मागच्या कोठीतून," ती बाई दचकून म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "ढीग पडलाय तिथे. मोडक्या खुर्च्यांवर घातलाय. एकच फाडला हो, फरशीला बरा पडतो."

"ढीग? टाकून दिले म्हणाला ना मालक!"

"तो टाकणार काय? त्याला उचलवतच नाहीत."

फडकं मुठीत धरून आत्या कोठीत शिरली. दिवा लावला. धुळीने माखलेली तिची मखमल मोडक्या खुर्च्यांवर पसरली होती. तिने मोजली. चोवीसांपैकी अकरा पडदे धड होते. बाकीच्यांना कसर लागली होती किंवा पाण्याने खाल्लं होतं. अकरा. आत्याने मनातल्या मनात भिंत मापली, आणि तिच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं.

बाहेर तिसरा बँड एकदाचा थांबला होता. आता सामान हलवून चौथ्याचं मांडायला अर्धा तास लागणार होता. आत्या थेट भावापुढे जाऊन उभी राहिली.

"ऊठ. दुसराही बोळा काढ. शिडी शोध."

"शिडी? कशाला?"

"सांगते तेवढं कर. जन्मभर लिफ्टच्या बोगद्यांत लोंबकळलास, आज पोरीसाठी चार पायऱ्या चढ."

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. शिडीवर त्याला खुर्चीपेक्षा जास्त स्वस्थ वाटे. प्रश्न न विचारता तो गेला. आत्याने चिमणीच्या बँडच्या तिघांना हाताला धरून कोठीत नेलं. पहिला पडदा त्यांतल्या दोघांनी उचलून बाहेर आणला तेव्हा मालक धावत आला.

"अहो, हे काय चाललंय? आधीच लोक पळतायत!"

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

"हा क्लब आहे! त्या पडद्यांनी कसं दिसेल?"

"दिसायचं राहू दे, इथे ऐकायला येत नाहीये. तीन बँडचा एक तरी शब्द कळला का तुम्हाला? खरं सांगा."

मालकाने घड्याळ बघितलं. इतक्यात काउंटरवरची बाई आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लावू द्या हो त्यांना. महिनाभर ओरडून ओरडून ऑर्डर घेतेय, माझाच घसा गेलाय. उद्यापासून मीच पाटीवर लिहिणार."

"वीस मिनिटं," मालक म्हणाला. "एकविसावं नाही."

मग जे झालं ते बघायला चपला घातलेली माणसंही चपला घालून तशीच थांबली. भाऊ शिडीवर चढला. रुळातल्या, पडदे अडकवायच्या चकत्या रंगाने घट्ट बसल्या होत्या. "ताई, एकही हलत नाही!" तो वरून ओरडला. "हात धुवायचा साबण आणा," आत्या म्हणाली, आणि लॅपटॉपवाला स्वतः पळत जाऊन साबणाची बाटली घेऊन आला. त्या संध्याकाळी त्याच्या हातून झालेली ही पहिली गोष्ट, जी मध्येच बंद पडली नाही. भावाने रूळभर साबण चोपडला, पकडीने दोन ठोके दिले, आणि चकत्या सुळकन धावल्या.

पहिल्या बँडचे तिघं मित्र, मघाची पुढच्या खुर्चीवरची बाई, तिसऱ्या बँडचा तो दणकट ड्रमवाला, सगळे कामाला लागले. एकेक पडदा हातोहात पुढे येत होता. "पिवळे टाके डावीकडे, खाली! चाचपून बघा!" आत्याने हुकूम सोडला, आणि अंधुक उजेडात दहा माणसं कोपरे चाचपू लागली. "सापडले! सापडले!" ड्रमवाला लहान मुलासारखा ओरडला.

अकरा पडद्यांत जास्तीत जास्त भिंत झाकावी म्हणून मित्रांनी पहिले दोन पडदे कडेला धरून सपाट ताणले. आत्या बघून किंचाळलीच.

"ताणू नका! सोडा! चुण्या पडू द्या!"

"पण मग भिंत पुरी नाही झाकणार."

"ती नाहीच झाकायची. ताणलेला पडदा म्हणजे रंगवलेली भिंत. आवाज चुण्यांत शिरतो आणि तिथेच झोपतो. नऊ पडदे, सगळे मागच्या भिंतीला, दाटीवाटीने. बाजूच्या भिंती राहू द्या उघड्या."

"आणि उरलेले दोन?"

आत्याने काउंटरमागच्या आरशाकडे बोट दाखवलं.

"आरसा नाही!" मालक कळवळला. "तो खास बनवून घेतलाय!"

"खरं तर आरसाच आधी झाकायला हवा होता," आत्या म्हणाली. "सगळ्यांत जास्त गोंगाट तोच करतोय."

एकोणिसाव्या मिनिटाला भाऊ शेवटचा पडदा लावून खाली उतरला. त्याचे केस धुळीने पांढरे झाले होते आणि हात साबणाने बुळबुळीत. खोलीत सगळे वर पडद्यांकडे बघत उभे होते. चिमणी स्टेजच्या कडेला, दोन्ही हात छातीशी घेऊन, आत्याकडे बघत होती. आत्या खोलीच्या मधोमध गेली आणि तिने टाळी दिली.

टाळी वाजली. मागच्या भिंतीकडे गेली. आणि संपली.

"अरेच्चा," कुणीतरी म्हणालं. ते अगदी हळू म्हणालं होतं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

चिमणीला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती स्टेजवर चढली. माइकवाल्याला तिने खुणेनेच आवाज खाली, आणखी खाली आणायला सांगितलं. तिच्या ड्रमवाल्याने काठ्या ठेवून दिल्या आणि सरावातले झाडणीसारखे ब्रश काढले. आत्याने खुर्चीवरची पाटी उचलली आणि ती मांडीवर घेऊन बसली. आता तिच्या हातात काही उरलं नव्हतं. पोरीचा घसा पोरीपाशी होता.

चिमणीने डोळे मिटले आणि कारखान्यात गुणगुणायची तशी सुरुवात केली.

गाणं तिने मौनात असतानाच पाटीवर लिहिलेलं होतं. आपण बोलायचं थांबलो की काय काय ऐकू येतं, त्याचं. कात्री जाड कापडातून जाताना कशी कुरकुरते, सुई टेबलावर पडून कशी लोळत जाते, शेजारच्या घरात कोणी कोणाची समजूत काढतंय. शब्द एकेक करून येत होते, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आलेले शब्द माणसांपर्यंत पोचत होते. काउंटरवरच्या बाईने धुतलेला ग्लास खाली ठेवायला घेतला आणि आवाज होईल म्हणून हातातच धरून ठेवला. तिसऱ्या बँडचा ड्रमवाला जमिनीवर मांडी घालून बसला. दाराशी गेलेले दोघं आत वळले, आणि त्यांच्या मागून आणखी तिघं बाहेरून आले. कोणी बोलत नव्हतं, आणि चिमणी ओरडत नव्हती. वरच्या सुराला तिचा आवाज एकदा बारीक झाला, भावाने आत्याचं मनगट करकचून धरलं, पण सूर तुटला नाही. तो वर गेला, तिथे थांबला, आणि आपल्या पायांनी खाली आला.

गाणं संपलं. मग खोली उसळली. चाळीस माणसांनी शंभर माणसांची कसर भरून काढली. पहिल्या बँडचा गाणारा खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मालक तर पडदे आपणच लावल्याच्या थाटात सगळ्यांकडे बघत होता. भावाने कापसाचे दोन्ही बोळे शिडीवर चढण्याआधीच कुठेतरी टाकले होते, आणि आता डोळे पुसायला तेच खिशात शोधत होता.

आणखी तीन गाणी झाली. मालक मध्येच आत्यापाशी येऊन वाकला आणि म्हणाला, "आत्याबाई, बाकीच्या तेरा पडद्यांचं काय करता येईल?" आत्या म्हणाली, "आधी आहेत त्यांची धूळ झाडा. सोमवारी माप घ्यायला येते. आणि मला गाण्यात बोललेलं चालत नाही."

शेवटचं गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, थांबल्या. चिमणीने माइक बाजूला केला आणि ती वाकून पाण्याची बाटली उचलत होती, तेव्हा खोलीच्या अगदी टोकाकडून, पडद्यांपाशी उभ्या असलेल्या दारावरच्या माणसाने विचारलं, "ताई, ते एक पुन्हा म्हणाल का?"

आत्याने स्टेजकडे बघितलं. एवढ्या लांबून कोणी काही विचारलं की ऑपरेशनपूर्वी पोर बेंबीच्या देठापासून ओरडून उत्तर द्यायची, आणि नंतरचं वर्षभर पाटी उचलायची.

चिमणी सरळ उभी राहिली. तिच्यासमोर माइक नव्हता. कापडाचं दुसरं टोक धरून आत्याशी बोलावं, तशा साध्या आवाजात तिने विचारलं, "कोणतं? कात्रीचं का?"

"हो, तेच," पलीकडच्या टोकाचा माणूस म्हणाला.

आत्याच्या मांडीवर पाटी अजून तशीच होती, मोठ्या अक्षरांत *मी नाही गाणार* असं लिहिलेली. तिने मघाशी कमरेला खोचलेलं ते ओलं लाल फडकं काढलं, पिवळ्या टाक्यांचा कोपरा बोटाला गुंडाळला आणि पाटी स्वच्छ पुसली. स्टेजवर चिमणीने पुन्हा पहिली ओळ धरली होती.